टर्बोची हवा कुठून निसटते आणि धूळ कुठून शिरते

केळीचे घड भरलेली पिकअप चाळीसगावपर्यंत मजेत येते. कन्नडचा घाट लागला की तिसऱ्या गिअरला दम टाकते, मागे काळ्या धुराचा लोट सोडते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला की कोड येतो पी०२९९, म्हणजे टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब कमी. लगेच निकाल लागतो, 'टर्बो गेला'. टर्बो जातोही. पण त्याला हात लावण्याआधी त्याने दाबलेली हवा इंजिनापर्यंत पोचते का, हे बघायला हवं. सैल झालेली एक क्लिप, घासून भोक पडलेला रबरी पाइप किंवा इंटरकूलरच्या (दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) टाकीची उसवलेली कड अगदी हीच लक्षणं देते. टर्बो उतरवून परत बसवायला दिवस जातो, गळती शोधायला दोन-तीन तास पुरतात.

खानदेशात या कामाला आणखी एक बाजू आहे आणि ती जास्त गंभीर आहे. टर्बोच्या पुढे गळती असेल तर दाबलेली हवा बाहेर जाते. फिल्टर आणि टर्बो यांच्या मध्ये गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि तिच्याबरोबर शेतरस्त्याचा फुफाटा फिल्टरला बगल देऊन थेट इंजिनात जातो. पहिली गळती आवाज करते, धूर काढते, दिवा लावते. दुसरी बरेचदा गप्प असते. गाडीचा जोर ठीक, ॲव्हरेज ठीक, आणि वर्षा-दोन वर्षांत इंजिन ऑइल खायला लागतं. तेव्हा पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर घासून गेलेले असतात. म्हणून तपासायचं दोन्हीकडे, आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या दाबाने.

हवेचा रस्ता

बॉनेट उघडून हवेचा रस्ता आधी बोटाने पूर्ण फिरून घ्या. फिल्टरचा डबा, त्याच्या तोंडाशी बहुधा मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा), तिथून घडीघडीचा रबरी पाइप टर्बोच्या तोंडापर्यंत. हा ओढीचा भाग. टर्बोतून बाहेर पडलेला पाइप इंटरकूलरकडे, इंटरकूलरमधून दुसरा पाइप थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त करणारी झडप) किंवा मॅनिफोल्डकडे (हवा सिलिंडरांत वाटणारा भाग). हा दाबाचा भाग. वाटेत बारीक फाटे फुटतात: टॅपेट कव्हरवरून इंजिनातली वाफ आणणारा ब्रीदर पाइप, वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) हलवणाऱ्या ॲक्च्युएटरची नळी, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), ईजीआरचा (एक्झॉस्टचा थोडा वायू परत आत सोडणाऱ्या झडपेचा) जोड. पेट्रोल टर्बोमध्ये यात डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावर जादा दाब सोडणारा), पीसीव्ही (इंजिनातली वाफ ओढणारा व्हॉल्व्ह), ब्रेक बूस्टरचा पाइप आणि पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या) नळी यांची भर पडते. प्रत्येक जोड कागदावर लिहून काढा. इंटरकूलरचा खालचा जोड स्प्लॅश गार्डमागे लपलेला असतो आणि लोक नेमका तोच तपासायचा विसरतात.

लक्षणं काय सांगतात

डिझेल गाडीत हवा वाटेत निसटली की सिलिंडरमध्ये डिझेलच्या मानाने हवा कमी पडते. न जळलेला कार्बन काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर येतो. नव्या गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हवा कमी दिसताच डिझेलही कापतो, त्यामुळे धूर फारसा दिसत नाही, फक्त गाडी ओढत नाही. मागे डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर काजळी तिथे साचते आणि तो वारंवार भरायला लागतो.

पेट्रोल गाडीत मॅफ सेन्सर असेल तर गळतीची जागा फ्युएल ट्रिमवरून (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) बरीचशी कळते. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला गळती असेल तर आयडलला न मोजलेली हवा आत येते. ट्रिम अधिक १५-२० टक्क्यांपर्यंत चढतो आणि २५०० आरपीएमला पुन्हा जागेवर येतो. पी०१७१ हा कोड (मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त) बहुधा याच रस्त्याने येतो. टर्बो आणि थ्रॉटलच्या मध्ये गळती असेल तर मोजलेली हवा दाबाखाली बाहेर जाते, मिश्रण गडद होतं (पेट्रोल जास्त पडतं), पेट्रोलचा वास येतो आणि ट्रिम उणे बाजूला झुकतो. मॅफ नसलेल्या, फक्त मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत ट्रिमवर हा भरवसा ठेवता येत नाही.

स्कॅनरवर दाब वाचताना एक घोळ नेहमी होतो. मॅप सेन्सर बाहेरच्या हवेसकट एकूण दाब दाखवतो, टर्बोने वाढवलेला दाब, म्हणजे बूस्ट, वेगळा दाखवत नाही. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून आकडा बघा. समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीच्या जळगाव-भुसावळला तो ९८-९९ केपीए (किलोपास्कल) यायला हवा. हीच गाडी उंच डोंगरावरच्या तोरणमाळला नेली तर ८८-८९ दिसेल आणि तेही बरोबरच आहे. जळगावात उभ्या गाडीचा आकडा ९० किंवा ११० दिसत असेल तर आधी सेन्सर आणि त्याचं वायरिंग बघा, गळती नंतर शोधा.

आता चालत्या गाडीचं उदाहरण. ईसीयूची मागणी २२० केपीए आहे आणि प्रत्यक्षात १६० मिळतात. बाहेरची ९८ वजा केली तर मागणी १२२ केपीएची, म्हणजे साधारण १७.७ पीएसआय, आणि हातात ६२, म्हणजे ९ पीएसआय. जवळपास निम्मा बूस्ट वाटेत गेला. हे रीडिंग चढावर घ्या, तिसऱ्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमपासून पूर्ण पेडल दाबून. स्कॅनर शेजारी बसलेल्याच्या हातात हवा, गाडी चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. धुळ्याजवळच्या लळिंग घाटाचा चढ याला चांगला, मात्र मागे-पुढे ट्रकची रांग नसेल अशी वेळ निवडा. दाब उशिरा येतो पण शेवटी येतो, तर गळती लहान आहे आणि टर्बो जास्त फिरून ती भरून काढतोय. दाब कधीच पोचत नाही, तर भोक मोठं आहे. चढत-चढत एकदम 'फट्' होऊन खाली आला, तर कुठला तरी पाइप जोडावरून सरकलाय.

आधी डोळे आणि हात

इंजिन थंड असताना, शक्यतो सकाळी, प्रत्येक जोड हाताने हलवून बघा. पाइप क्लिपच्या आत फिरत असेल तर क्लिप सैल आहे. रबरी पाइप पिळून बघा, घड्यांच्या खोबणीतली चीर सरळ बघितली तर दिसत नाही, वाकवली की तोंड उघडते. फॅनच्या कव्हरला, बॅटरी ट्रेला किंवा एसीच्या पाइपला टेकणाऱ्या जागा आरसा आणि टॉर्च घेऊन खालच्या बाजूने बघा. भोक बहुतेक खालच्या अंगाला पडतं.

ब्रीदरमधून ऑइलची वाफ या पाइपांत येतच असते, त्यामुळे आत तेलाचा पातळ थर असणं साधारण आहे. गळती असलेल्या जोडातून ही वाफ हवेबरोबर बाहेर येते आणि तिच्यावर धूळ बसते. आपल्याकडे तर ती बसून काळ्या चिखलासारखा चिकट लेप तयार होतो. कोरड्या पाइपावर एकाच क्लिपभोवती असा ओला काळा गळपट्टा दिसला तर तपासणीला तिथूनच सुरुवात करा.

मग ओढीची बाजू. फिल्टर काढा. त्याच्या रबरी कडेवर बोट फिरवा. कड सगळीकडे सारखी दबलेली हवी. एका कोपऱ्यात ती नव्यासारखी फुगीर असेल तर तिथे डबा बसतच नाही. हलक्या प्रतीच्या फिल्टरची कड एक-दोन मिलिमीटर बुटकी असते, डब्याची एखादी पकड तुटलेली असते आणि तिथे वायर बांधलेली असते. एवढं धुळीला पुष्कळ झालं. आता फिल्टरच्या पलीकडे, स्वच्छ हवेच्या बाजूला, पांढरं सुती कापड बोटावर गुंडाळून पाइप आतून पुसा. कापडावर नुसता तेलकट डाग आला तर ठीक. मातकट-राखाडी आला आणि चिमटीत चोळल्यावर खरखर लागली, तर धूळ शिरतेय.

तसं असेल तर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून टॉर्चने पंख्याकडे बघाच. निरोगी पात्यांच्या पुढच्या कडा सुरीसारख्या धारदार आणि सरळ असतात. धूळ खाल्लेल्या पात्यांच्या कडा बोथट, गोलसर, वाळूने घासल्यासारख्या पांढुरक्या दिसतात. दांडा वर-खाली किंचित हलणं चालतं, मागे-पुढे हाताला जाणवेल इतका हलता कामा नये.

दाब द्यायचं बूच

हवेच्या पाइपाचं तोंड बंद करून त्यातूनच आत दाब भरायला एक बूच लागतं. बाजारात तयार बुचं मिळतात. घरी करायचं असेल तर खानदेशात सामानाची वानवा नाही, ठिबकचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात पीव्हीसीचे पाइप आणि एंड कॅप मिळतात. शेतीच्या पीव्हीसी पाइपचा ५०, ६३, ७५ मिमी हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. टर्बोकडच्या रबरी पाइपाचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा आणि त्यात घट्ट बसेल असा पाइप निवडा. थोडा बारीक पडला तर सायकलच्या ट्यूबचा एक वेढा द्या.

पाइपचा १० सेंमीचा तुकडा, त्याच्या एका टोकाला एंड कॅप. सोल्युशन लावण्याआधी कॅपच्या मध्यभागी ११.५ मिमीचं छिद्र पाडा आणि त्यात ट्यूबलेस टायरचा टीआर ४१३ व्हॉल्व्ह आतून बाहेर ओढून बसवा. पाइप आणि कॅपच्या आत दोन्हीकडे सॉल्व्हंट सिमेंट लावून जोडा आणि पूर्ण एक दिवस सुकू द्या. तासाभरात वापरलेलं बूच दाबाखाली उसवतं. पाइपच्या मोकळ्या टोकाच्या कडा कानशीने गुळगुळीत करा, नाहीतर रबर आतून कापलं जातं. व्हॉल्व्हमधली पिन काढून ठेवा, हवा भरपूर आणि सलग जायला हवी.

हवेसाठी २०-२५ लिटर टाकीचा छोटा कॉम्प्रेसर पुरतो. पायपंपाचा उपयोग नाही. गाडीच्या सॉकेटवर चालणारा इन्फ्लेटरही पुरा पडत नाही, गळती जितकी हवा सोडते तितकी तो देत नाही. कॉम्प्रेसर आणि बूच यांच्या मध्ये रेग्युलेटर आणि ० ते ३० पीएसआयचा गेज हवाच. पंक्चरच्या दुकानातल्या टाकीत १०० पीएसआयच्या वर हवा असते. ती रेग्युलेटरशिवाय सोडली तर पाइप फाटेल किंवा बूच उडेल.

बूच उडणं म्हणजे काय ते आकड्यात बघा. ६३ मिमीच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंमी. १५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंमीला एक किलोच्या किंचित वर. म्हणजे त्या बुचाला बाहेर फेकायला ३२-३३ किलोचा जोर लागलेला असतो. शिवाय पीव्हीसी हवेच्या दाबाखाली फुटलं तर त्याचे टोकदार तुकडे उडतात. म्हणून बुचावर दोन क्लिपा लावा, ते दोरीने इंजिनाच्या हुकाला बांधा, त्यावर जाड गोणपाट टाका, डोळ्यांना चष्मा लावा आणि बुचाच्या रेषेत कधीही उभं राहू नका. रोज हेच काम करणाऱ्या गॅरेजने पीव्हीसीऐवजी लेथवर ॲल्युमिनियमचं बूच करून घ्यावं.

पहिला टप्पा: फिल्टर ते टर्बो, २ ते ३ पीएसआय

हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड द्या, गाडी न्यूट्रलमध्ये, चावी खिशात. हवेच्या दाबाने क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) थोडा फिरू शकतो, त्यामुळे बेल्ट आणि फॅनजवळ हात नको.

बूच मॅफ सेन्सरच्या पुढे, टर्बोकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी बसवा, म्हणजे हवेचा झोत सेन्सरच्या नाजूक तारेवर येणार नाही. ब्रीदर पाइप याच भागात येऊन मिळतो. तो इथून सुटा करा आणि हवेच्या पाइपाकडचं तोंड बंद करा. हे विसरलात तर सगळा दाब क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागात) जाईल आणि क्रँकचं ऑइल सील जागेवरून हलेल. गळती शोधायला गेलं आणि ऑइल गळायला लागलं, असा प्रकार नेमका यातून होतो. खबरदारी म्हणून ऑइल भरायचं झाकणही उघडं ठेवा.

रेग्युलेटर शून्यावर आणून कॉम्प्रेसर जोडा आणि हळूहळू २ पीएसआयपर्यंत चढवा. हा भाग दाबासाठी बनवलेलाच नाही, म्हणून ३ च्या वर जाऊ नका. मोठा आवाज होणार नाही. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर, घड्यांच्या खोबणीत आणि नळ्यांच्या टोकांवर मारा. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांड्यांचं लिक्विड, फवाऱ्याच्या बाटलीत. कपड्यांची पावडर नको, तिचे कण राहतात. वायरच्या कनेक्टरवर पाणी मारू नका. मोठी गळती फेसाचा गोळा करते, बारीक गळती साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागोमाग एक काढत राहते. त्यासाठी एका जागेकडे निदान दहा सेकंद बघावं लागतं. मे महिन्यात दुपारी पाणी मारता-मारता सुकतं, म्हणून काम उजाडताच सुरू करा.

फिल्टरचा डबा आणि त्याची कड या टप्प्यात तपासली जात नाही, कारण बूच त्याच्या पुढे आहे. ते काम कापडाने आणि डोळ्यांनीच.

दुसरा टप्पा: टर्बो ते इंजिन, १० ते १५ पीएसआय

आता बूच थेट टर्बोच्या तोंडाच्या जोडावर आणा. ब्रीदर सुटा आणि ऑइलचं झाकण उघडंच राहू द्या. ५ पीएसआयवर थांबून ऐका. मोठी गळती इथेच 'श्श्श' करून सापडते आणि ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे दाब चढतही नाही. मग १०. डिझेलला गरज पडली तर १५, त्याच्या वर नको. पेट्रोलला १० पुष्कळ झाले. कंपनीने ठरवलेला बूस्ट याहून कमी असेल तर तिथेच थांबा.

पेट्रोल गाडीत थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये हवा सावकाश भरते. मिनिटभर धीर धरा, मग मॅनिफोल्डचं गास्केट, इंजेक्टरच्या ओ रिंग, मॅप सेन्सरची ओ रिंग आणि ब्रेक बूस्टरचा पाइप यांवर पाणी मारा.

कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या हवेचा कॉक बंद केल्यावर गेजचा काटा उतरणारच. कुठल्यातरी सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो, तिथून थोडी हवा रिंगांना चुकवून क्रँककेसमध्ये जाते, थोडी सायलेन्सरमधून येते. ऑइलच्या झाकणातून हलकी फुसफुस येणं म्हणजे दोष नव्हे. क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन फिरायच्या दिशेने पाव फेरा द्या, पाना काढून घ्या, मग पुन्हा दाब देऊन ऐका. फुसफुस बदलली तर ती व्हॉल्व्हमधून होती. झाकणातून जोराचा झोत येत असेल आणि क्रँक फिरवूनही बदलत नसेल तर टर्बोच्या सीलकडे आणि रिंगांकडे बघावं लागेल.

आवाज येतोय पण जागा सापडत नाही, अशा वेळी मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं जोडाजोडावर फिरवा. गळतीजवळ आवाज एकदम अंगावर येतो. नळीच्या टोकाला धातूची काडी लावू नका, तिने सगळ्या इंजिनाचा आवाज येतो.

थंडपणी काहीच सापडलं नाही तर गाडी अर्धा तास चढावर चालवून आणा, फक्त हात लावण्याइतकी निवू द्या आणि पुन्हा दाब द्या. तेल पिऊन मऊ झालेलं रबर थंड असताना घट्ट बसतं आणि तापलं की ढिलं पडतं. एक्झॉस्ट आणि टर्बोच्या अंगावर मात्र पाणी उडू देऊ नका, तापलेलं बीड (ओतीव लोखंड) तडकतं.

इंटरकूलर

इंटरकूलरला प्लास्टिकच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर दाबून बसवलेल्या असतात, मध्ये रबरी सील. गरम-गार होऊन ती दाबलेली कड सैल पडते. समोरून उडालेल्या खडीने नळीला भोकही पडतं. जागेवर साबण मारून समोरची बाजूच दिसते, म्हणून संशय असेल तर उतरवा. दोन्ही तोंडांना बुचं लावा, एकातून १५ पीएसआय भरा आणि ट्यूबचं पंक्चर बघतात तसं पंक्चरवाल्याच्या हौदात पूर्ण बुडवा. इथे इंजिन मध्ये नाही, त्यामुळे निकाल स्वच्छ: चांगल्या इंटरकूलरमधून एकही बुडबुडा येत नाही आणि काटा जागचा हलत नाही. सुरुवातीला पंखांत अडकलेली हवा वर येते, ती मिनिटभरात थांबते. त्यानंतरही एकाच जागेवरून माळ लागली तर तीच गळती. बाहेर काढल्यावर बुचं उघडण्याआधी अंग पूर्ण कोरडं करा, आत पाणी राहू देऊ नका. आत तेल साचलं असेल तर तेही निथळून टाका, डिझेल इंजिनाने ते एकदम ओढलं तर इंजिन आवरत नाही.

स्प्रे मारून शोधायची सवय सोडा

इंजिन चालू ठेवून जोडांवर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल शिंपडायचं आणि आरपीएम वाढतो का ते बघायचं, ही जुनी पद्धत टर्बो गाडीवर करू नका. लाल तापलेला एक्झॉस्ट वीतभर अंतरावर असतो. डिझेल गाडीत तर आत ओढलेला ज्वलनशील स्प्रे हेच इंधन होतं आणि ते ईसीयूच्या ताब्यात नसतं. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डची बारीक गळती शोधायला स्मोक मशीन उत्तम. अर्धा ते एक पीएसआय दाबाने धूर भरायचा, फॅन बंद ठेवायचा, शेडची दारं लावायची आणि टॉर्च तिरका धरून बघायचं. उभ्या वाऱ्यात धुराचा धागा दिसत नाही.

दुरुस्ती

क्लिप सैल निघाली म्हणून नुसती आवळू नका, सुटी करा. पाइपाच्या धातूच्या टोकाला उंचवट्याची कड असते, क्लिप त्या कडेच्या मागे बसली पाहिजे. कडेवर बसली तर पहिल्याच घाटात सरकते. दोन्ही अंगं ब्रेक क्लीनरने पुसा, वाळू द्या आणि पाइप कोरडाच चढवा. क्लिप पेचकसाने आवळू नका, ७ किंवा ८ मिमीच्या बॉक्स पान्याने आवळा. रबर क्लिपच्या फटींतून फुगून वर आलं की जास्त झालं, तिथून ते कापलं जाईल.

जोडात सिलिकॉन सीलंट भरणं बंद करा. तेलाच्या वाफेने ते सुटतं आणि तुकडे इंटरकूलरमध्ये किंवा त्याही पुढे जातात. फाटलेल्या पाइपावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि वायर हा घरी पोचण्यापुरता इलाज आहे. इंटरकूलरच्या टाकीला लावलेली एपॉक्सी पुट्टी तेवढीही टिकत नाही.

पाइप बदलताना सगळ्यात जास्त फसगत होते. मापाचा रेडिएटर होज कापून बसवला की दोन महिन्यांत तो तेल पिऊन फुगतो. पाण्यासाठी बनवलेलं ते रबर तेलासाठी नसतं. शिवाय उष्णता बघा. एक बार बूस्ट आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर २५ अंशांची हवा टर्बोतून सुमारे ११८ अंशांना बाहेर येते. मे महिन्यात ४५ अंशांची हवा आत गेली तर हाच आकडा १४५ च्या आसपास जातो. टर्बो ते इंटरकूलर हा पाइप रोज हे सोसतो. तिथे मूळ कंपनीचाच घ्या, किंवा आतून तेलरोधक अस्तर असलेला सिलिकॉनचा. अस्तर नसलेल्या सिलिकॉनमधून तेल पाझरतं. पाइप जिथे घासत होता ती जागा दुरुस्त केल्याशिवाय नवा पाइप बसवू नका, भोक त्याच ठिकाणी परत पडेल. इंजिनाचा फाउंडेशन रबर बसला असेल तर इंजिन झटका देताना सगळे पाइप ओढतं. तोही बघा.

ओ रिंग असलेल्या झटपट जोडांत जुनी ओ रिंग परत वापरू नका, ती चपटी झालेली असते.

गळती सापडलीच नाही तर

दाब नीट धरतोय, तरी बूस्ट कमी. मग ॲक्च्युएटरकडे वळा. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटी टर्बोमध्ये (आतली पाती हलवून दाब बदलणारा टर्बो) बारीक रबरी नळी तडकली की हुबेहूब हीच लक्षणं येतात. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ॲक्च्युएटरला ५०० मिमी पाऱ्याइतकी ओढ द्या. दांडा एका दमात सरकला पाहिजे आणि मिनिटभर जागेवर राहिला पाहिजे. घसरत परत आला तर डायफ्राम फाटलाय. दांडा अडखळला तर आतली पाती काजळीने जाम आहेत. त्यापुढे टर्बोच्या आधीचं एक्झॉस्ट गास्केट, तिथे काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसतो. उघडा अडकलेला ईजीआर आणि चोंदलेला डीपीएफही यादीत आहेत. आणि कापसाच्या हंगामात इंटरकूलर-रेडिएटरच्या मध्ये तंतूंचा थर बसलेला असतो, तो काढल्याशिवाय हवा गार होत नाही.

खात्री

ब्रीदर परत जोडा, ऑइलचं झाकण लावा, बुचासाठी वापरलेली प्रत्येक चिंधी मोजून बाहेर काढा. कोड पुसा आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, तेवढंच वजन भरून पुन्हा रीडिंग घ्या. मागणी आणि प्रत्यक्ष दाब हातात हात घालून चढायला हवेत. २००-३०० किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर नव्या क्लिपा एकदा तपासा, नवं रबर बसतं आणि क्लिप थोडी ढिली पडते.

ओढीच्या बाजूची दुरुस्ती केली असेल तर फिल्टरच्या पलीकडे, मॅफ सेन्सरला लागणार नाही अशा जागी, पाइपाच्या आतल्या भिंतीवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, नखाने खरवडला तर जेमतेम निघेल इतकाच. पंधरा दिवस नेहमीच्या शेतरस्त्यावर गाडी चालवा आणि मग ते ग्रीस पांढऱ्या कापडाने पुसा. जसं लावलं तसंच निघालं तर डबा आणि पाइप हवाबंद आहेत. त्यात बोटाला खरखर लागली तर फिल्टरची कड आणि डब्याच्या पकडी पुन्हा काढून बघा, आणि तोवर गाडी फुफाट्यात घालू नका.